दगडाचा निळा, आगीचा लाल

श्रोतेहो, नमस्कार.

अझुराइट नावाचा एक निळा दगड आहे. तो कुटून चाळला की झाला रंग. गंमत पुढेच आहे. वाळूसारखी जाडसर पूड गडद निळी दिसते. तीच बारीक करत गेलात की फिकी होत होत पांढुरकी पडते. दगड एकच, निळ्या छटा कितीतरी. जपानी चित्रकार त्या वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवतो आणि बाटलीवर कणाच्या जाडीचा आकडा लिहिलेला असतो.

ही पूड कागदाला आपणहून चिकटत नाही. त्यासाठी लागतो जनावराच्या कातड्याचा सरस. आपल्याकडचे जुने सुतार वापरायचे, त्याच जातीचा. तो रात्रभर भिजवायचा, मंद आचेवर विरघळवायचा, पण उकळू द्यायचा नाही. उकळला की चिकटपणा गेला. मग पांढऱ्या बशीत पूड आणि सरस बोटानं कालवायचं. हो, बोटानंच! कणन्कण भिजला का, ते ब्रशला काय कळणार?

या चित्रपद्धतीला निहोंगा म्हणतात. इकुओ हिरायामा हे आपल्या काळातले तिचे मोठे चित्रकार. जन्म १९३०चा, निधन २००९ साली. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा पंधरा वर्षांचा हा मुलगा त्याच शहरात होता. तो वाचला, पण पुढे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू लागल्या. आपण किती जगू, याचा भरवसा नाही, अशा दिवसांत, १९५९ साली, त्यांनी घोड्यांवरून येणारे दोन भिक्षू रंगवले. विषय होता भारतातून बुद्धाचा धर्म घेऊन परतणारा चिनी भिक्षू ह्युएनत्संग.

हिरोशिमा मात्र त्यांनी रंगवलं थेट १९७९ साली. चौतीस वर्षांनी! घडीच्या पडद्यावर आगच आग, सगळं लालभडक. आणि त्या ज्वाळांत उभा आहे फुदो. म्हणजे आपल्या संस्कृतातला अचल, बौद्धांचा उग्र रक्षक. मला विचाराल तर त्यांचं सर्वांत मोठं चित्र हेच. आग काढणारे पुष्कळ. आगीत न हलणारा कुणीतरी उभा करायला चौतीस वर्षं लागली.

ह्युएनत्संगाला त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. नारा शहरातल्या याकुशिजी मंदिरात त्याच्या प्रवासाची भित्तिचित्रं आहेत. ती पूर्ण झाली २००० सालच्या शेवटच्या दिवशी. सात देखावे आहेत. चीनमधल्या पहाटेपासून सुरुवात, मग वाळवंट, बर्फाचे डोंगर, अफगाणिस्तानातलं बामियान.

सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रातही येऊन गेला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान तर मुळीच नाही, अशा अर्थाचं लिहूनही गेला. तेव्हा सहाव्या देखाव्याचं नाव ऐकून तुम्हाला नवल वाटायला नको: ‘दख्खनच्या पठारावरची संध्याकाळ’.

नमस्कार.