पायी फ्लॉरेन्स, आर्नोच्या संगमापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडून निघणाऱ्या इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच दिवस येतो. रोम आणि व्हेनिस यांच्या वाटेवरचं गाव, म्हणून सकाळी उतरायचं आणि संध्याकाळी पुढची गाडी धरायची. त्या एका दिवसातलाही निम्मा वेळ रांगेत जातो. उफित्सी संग्रहालयाची रांग, डेव्हिडच्या पुतळ्याची रांग, घुमटावर चढायची रांग. आज मी बोलणार आहे ते रांगा टाळून, पायी घालवलेल्या दिवसाबद्दल. सरावातले बूट, पाण्याची बाटली आणि चालायची हौस एवढं पुरे. जुनं शहर इतकं आटोपशीर आहे की रेल्वे स्टेशनपासून सान्ता क्रोचे चर्चपर्यंत, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ चालत गेलं तर अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं.

आणि हे शहर चालणाऱ्याशी बोलतं. इथे काय घडलं, कुठे घडलं, हे त्यानं भिंतींवर आणि फरसबंदीत लिहून ठेवलंय. इथलाच कवी दांते, त्याच्या महाकाव्यातल्या ओळी कोरलेल्या संगमरवरी पाट्या गल्लीबोळांतल्या घरांवर लावल्या आहेत, आणि त्याही बहुधा त्या ओळीत ज्या घराण्याचा किंवा जागेचा उल्लेख असेल तिथेच. बसच्या खिडकीतून यातलं काही दिसत नाही. मुळात मोठ्या बसना जुन्या भागात येऊच देत नाहीत.

सुरुवात भल्या सकाळी कॅथिड्रलच्या चौकात करावी. पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराचा दर्शनी भाग पाहून सगळे तिथेच थबकतात, पण तो भाग एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याचं काम १८८७ मध्ये पूर्ण झालं. खरी करामत मागे आहे, म्हणून चर्चला वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला यावं. तिथे एका इमारतीच्या भिंतीशी दगडात घडवलेला एक माणूस मांडीवर आराखडा घेऊन बसलाय आणि मान वर करून घुमटाकडे बघतोय. हा फिलिप्पो ब्रुनेलेस्की. त्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्याच नजरेच्या रेषेत वर पाहावं.

या चर्चचं काम १२९६ मध्ये सुरू झालं. भिंती उभ्या राहिल्या, पण वर सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचं अष्टकोनी भगदाड वर्षानुवर्षं तसंच उघडं होतं. घुमट बांधायचा तर खालून लाकडी आधार द्यावा लागतो, आणि जमिनीपासून पन्नास मीटरहून अधिक उंचीवर एवढ्या रुंदीचा आधार उभारणं कुणाच्या आवाक्यात नव्हतं. ब्रुनेलेस्कीनं तो आधारच वगळला. त्यानं एकात एक असे दोन घुमट रचले. विटांचे आडवे थर त्यानं ठरावीक अंतरावर उभ्या विटांनी अडवले, त्यामुळे चुना ओला असतानाही वीट आत घसरत नसे आणि प्रत्येक कडं पुरं झालं की स्वतःच्याच बळावर उभं राही. बैलांच्या ताकदीवर चालणारी यारीही त्यानं बनवली. बैलांचं तोंड न फिरवता तिच्यानं माल वर चढवता यायचा आणि खालीही उतरवता यायचा. १४२० ते १४३६ अशी सोळा वर्षं काम चाललं. विटांचा हा घुमट आकारानं आजही जगात अव्वल मानला जातो. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते. गुडघे साथ देत असतील तर जरूर चढा, कारण जिना त्या दोन घुमटांच्या मधल्या पोकळीतूनच जातो. ज्यांना चढायचं नाही त्यांनी चर्चच्या मागच्या बाजूला फरसबंदीत एक गोल पांढरा दगड शोधावा. घुमटाच्या शिखरावरचा तांब्याचा भलामोठा गोळा एकदा वीज पडून खाली कोसळला होता. तो पडला त्या जागेची ती खूण आहे.

इथून दक्षिणेकडे निघालं की पाच मिनिटांत ओर्सानमिकेले लागतं. पूर्वी हा धान्यबाजार होता. बाहेरच्या भिंतींतल्या कोनाड्यांत शहरातल्या एकेका व्यावसायिक संघानं आपापल्या रक्षक संताचा पुतळा बसवला. शस्त्रं बनवणाऱ्यांचा सेंट जॉर्ज दोनातेल्लोनं घडवला, तर गवंडी, पाथरवट आणि सुतारांच्या संघासाठी नान्नी दी बांकोनं चार संतांचा समूह घडवला. मला इथलं सगळ्यात आवडतं ते या चार संतांच्या पायाशी कोरलेलं छोटं शिल्प. त्यात कारागीर कामात गढलेत: कुणी भिंत रचतोय, कुणी मूर्ती घडवतोय. संतांच्या इतकं जवळ स्वतःला कोरून घेण्याचा मान या माणसांनी स्वतःच मिळवला होता. बाहेर आता प्रतिकृती आहेत आणि बहुतेक मूळ मूर्ती वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात जपल्या आहेत, पण रस्त्यावरून जाता जाता पाहण्यात जी गंमत आहे ती तिथे नाही.

पुढचा मोठा चौक सिन्योरियाचा. सगळे मायकेलअँजेलोच्या डेव्हिडकडे धावतात. मूळ पुतळा १५०४ मध्ये इथेच उभा केला होता; १८७३ मध्ये तो आकादेमिया संग्रहालयात हलवला आणि आता इथे प्रतिकृती आहे. तुम्ही थोडी मान खाली घाला. कारंज्याजवळ जमिनीत एक गोल पाटी आहे. २३ मे १४९८ रोजी जिरोलामो सावोनारोला या भिक्षूला इथे फाशी देऊन जाळण्यात आलं. त्याच्याच प्रवचनांनी भारावून लोकांनी आरसे, दागिने, चित्रं, पुस्तकं याच चौकात आणून पेटवली होती, आणि दीड वर्षाच्या आतच त्याच चौकात त्याची चिता रचली गेली.

चौकाला लागून उफित्सी आहे. चित्रांची आवड असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढावा. घाईघाईत बोत्तिचेल्लीच्या चित्रांसमोरून निघून जाण्यात काही अर्थ नाही. पण इमारतीच्या अंगणातून जाताना एका बाईंची आठवण मात्र काढावी. आन्ना मारिया लुईझा या इथल्या मेदिची राजघराण्याच्या शेवटच्या वारसदार. भाऊ निपुत्रिक वारल्यावर राज्य लोरेन घराण्याकडे जाणार हे ठरलं, तेव्हा १७३७ मध्ये त्यांनी एक करार करून घेतला. घराण्यानं जमवलेली चित्रं, मूर्ती, ग्रंथ यातलं काहीही राज्याबाहेर न्यायचं नाही. कारणंही करारातच नमूद केली: राज्याची शोभा, जनतेचा उपयोग आणि परदेशी लोकांचं कुतूहल. राजघराणी मावळली की खजिने कसे पांगतात हे आपण आपल्याकडे पुष्कळ पाहिलंय. या बाईंच्या एका सहीनं एका शहराचा ठेवा शहरातच राहिला, आणि त्या कागदात तुमच्याआमच्यासारख्या परक्या पाहुण्यांचाही विचार होता. फ्लॉरेन्समध्ये माझ्या मनात सगळ्यात जास्त आदर आहे तो याच व्यक्तीबद्दल.

एव्हाना भूक लागलेली असते. कॉफी घ्यायची तर काउंटरपाशी उभ्यानं घ्यावी. टेबलाशी बसलं की दर वाढतो. मांसाहारी लोकांसाठी गाड्यांवर लाम्प्रेदोत्तो मिळतं. गाईच्या जठराचा एक भाग शिजवून, हिरवी चटणी लावून पावात घालून देतात, आणि दुपारी कामगार ते उभ्या उभ्या खातात. शाकाहारी माणसानं रिबोल्लिता मागावी. शिळा पाव, पांढऱ्या घेवड्याच्या बिया आणि काळपट हिरवी पानकोबी यांचं हे दाट सूप. उरल्यासुरल्यातून चव काढायची ही रीत आपल्या फोडणीच्या पोळीच्या जातीची आहे. सोबतचा पाव अळणी लागेल. तोस्काना प्रांतात पावात मीठ घालतच नाहीत, त्यामुळे तक्रार करू नये.

जेवण झालं की सान्ता क्रोचेच्या बाजूच्या गल्ल्यांत शिरावं. आजूबाजूचे रस्ते सरळ असताना व्हिया तोर्ता नावाची गल्ली आणि तिच्या पुढचा रस्ता अचानक कमानीसारखे वळतात. रोमन काळात इथे लंबगोल रंगमंडप होता. तो गेला, पण लोकांनी त्याच्या भिंतींच्या आधारानं घरं बांधली आणि दीड-दोन हजार वर्षांनंतरही आपण त्याच वळणानं चालतो.

जवळच सान रेमिजिओ गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर दोन पाट्या आहेत. एक १३३३ च्या पुराची, तीत पाण्याकडे बोट दाखवणारा हात कोरलाय. दुसरी १९६६ च्या पुराची, पहिलीच्याही वर. दोन्हींवर तारीख एकच: ४ नोव्हेंबर. पाट्या वाचायला मान वर करावी लागते, आणि आर्नो नदीचं पाणी या अरुंद गल्लीत आपल्या डोक्यावरून कुठल्या कुठे गेलं होतं हे तेव्हा अंगावर येतं. १९६६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली आणि सान्ता क्रोचेतल्या, चिमाबुए या चित्रकाराच्या क्रूसावरच्या चित्राचा बराच रंग पाण्यानं ओढून नेला. देशोदेशीची तरुण मुलं धावून आली. साखळी करून हातोहात पुस्तकं वर काढणाऱ्या त्या मुलांना इथले लोक आजही ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात.

आता नदीकडे. पोंते वेक्कियो हा १३४५ चा पूल, दोन्ही बाजूंना दुकानं असलेला. आधी इथे खाटीक बसत. १५९३ मध्ये ग्रँड ड्यूकनं त्यांना उठवून सोनारांना जागा दिली. गर्दी फार असते, रेंगाळू नका. त्याच्या पलीकडचा सान्ता त्रिनिता पूल मला अधिक जवळचा. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं शहरातले पूल उडवले. एक पोंते वेक्कियो तेवढा वाचला. युद्ध संपल्यावर नदीच्या तळातून सान्ता त्रिनिताचे दगड वेचून काढले, आणि १९५८ पर्यंत तोच पूल, त्याच नाजूक कमानींचा, पुन्हा उभा राहिला. कोपऱ्यावरच्या वसंतऋतूच्या पुतळ्याचं डोकं मात्र सापडेना. १९६१ मध्ये तेही नदीत मिळालं आणि जागेवर बसवलं गेलं.

श्रोतेहो, इथे सहलीचे गट मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. नदी डाव्या हाताला ठेवून, प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे चालत राहा. थोड्या वेळात कशीने नावाचं उद्यान सुरू होतं. एके काळची मेदिचींची शेतीवाडी, आता आर्नोच्या काठानं तीन किलोमीटरहून लांब पसरलेली झाडी. धावणारी मुलं, सायकली, बाकांवर गप्पा मारणारी म्हातारी माणसं. पर्यटक जवळजवळ नाहीत. उद्यानाच्या अगदी शेवटी मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर एक छत्री आहे. आपल्याकडे असते तशीच, खांबांवर तोललेली, आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या, दागिने ल्यालेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. पाटणकर घराण्यातून दत्तक आलेले, १८६६ मध्ये गादीवर बसलेले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथे काय पाहिलं, कुणाला भेटलो याची ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत; ती पुढे १८७२ मध्ये छापली गेली. युरोपातून परतताना वाटेतच प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस.

बरोबरच्या माणसांपुढे काय प्रसंग उभा राहिला असेल, याचा विचार करा. परका मुलूख, आणि कॅथलिक इटलीत दहनाची पद्धतच नव्हती. मिलानमध्ये पहिलं दहनगृह उभं राहिलं ते १८७६ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनंतर. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. दहन नदीसंगमावर व्हावं म्हणून शहराबाहेरची ही जागा निवडली आणि रात्री इथे चिता रचली गेली. कोल्हापूरच्या राजघराण्याच्या समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत. या एका तरुण राजाची आर्नोच्या काठी.

१८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुकारही तेच. पुतळा फुलर या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराचा. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहे. आणि फ्लॉरेन्सच्या लोकांनी या पाहुण्याला आपल्या शहराच्या नकाशातच जागा दिली. ही जागा त्यांच्या तोंडी ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाची. शेजारी १९७० च्या दशकात मोठा केबलचा पूल झाला, तोही इंदियानोचाच पूल. रोज त्यावरून गाड्या हाकणाऱ्या कितीतरी जणांना कोल्हापूर कुठे आहे ते ठाऊक नसेल, पण पत्ता सांगताना ते आपल्या राजाचीच खूण सांगतात. कोल्हापुरात १८८० मध्ये निघालेल्या राजाराम कॉलेजला याच महाराजांचं नाव आहे; त्या कॉलेजात शिकलेल्या श्रोत्यांनी तर इथे यायलाच हवं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पोंते वेक्कियोपासून संगमापर्यंत रमतगमत दीड तास धरा. मंगळवारी सकाळी कशीनेत मोठा आठवडी बाजार भरतो. गर्दी नको असेल तर तो वार टाळा. संध्याकाळी उद्यानाचा हा शेवटचा भाग सामसूम होतो, म्हणून उजेड असतानाच परत फिरा. पाय थकले तर उद्यानाच्या शहराकडच्या बाजूला ट्राम मिळते, ती थेट रेल्वे स्टेशनला पोचवते. आणि सहल कंपनीबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधीच त्यांना सांगा, की फ्लॉरेन्सच्या दिवसात इंदियानोसाठी दोन-तीन तास मोकळे ठेवा. बरोबरचे चार जण तयार झाले तर कार्यक्रम बदलतो.

नमस्कार.