शेठ बाहेरगावी आहेत

[दृश्य: मुंबई, चोर बाजार, मटन स्ट्रीट. अर्ध्यावर उचललेली शटर्स, ग्रामोफोनचे कर्णे, भिंतभर घड्याळं.]

फोन वाजत राहतो, उचलला जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच नाही. दुकानात जावं तर गल्ल्यावर एक पोरगा बसलेला. मान वर न करता तो सांगतो, ‘शेठ बाहरगाँव गये हैं.’ कधी येतील? ‘बोल नहीं सकता.’ त्याच्या मागे भिंतीवर एक सरस्वती टांगलेली असते, काचेवर धूळ. तिची किंमत? ‘वो शेठ ही बतायेंगे.’

रविवर्मा प्रेसच्या जुन्या छापील चित्रांच्या नादी लागलेल्या माणसाची सुरुवात बहुतेक अशीच होते. त्याला वाटतं, वस्तू दुर्मिळ आहे, म्हणून विकणारा इतका ताठ आहे. इथेच त्याचा हिशेब चुकायला लागतो.

[दृश्य: रविवर्मा प्रेसची ‘लक्ष्मी’. कॅमेरा हळूहळू खालच्या समासावर.]

आपल्या चित्रांच्या रंगीत प्रती युरोपात छापून घ्याव्यात, असं राजा रविवर्मांना सुचवलं होतं सर टी. माधवरावांनी. तंजावरच्या मराठी घराण्यातला हा माणूस त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचा दिवाण होता. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजा वर्मा यांनी पुढे चित्रं युरोपात पाठवली नाहीत, छापखानाच इकडे आणला. १८९४ साली मुंबईजवळ घाटकोपरला जर्मन यंत्रं आली, जर्मन तंत्रज्ञ आले. पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी, सरस्वती आणि बाकीचा सगळा देवलोक. छपाई शिळाछाप पद्धतीची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकच कागद तितक्या वेळा यंत्राखालून जायचा. वर रोगण, म्हणजे तैलचित्राची चमक यावी.

नंतर मुंबईत प्लेग आला आणि छापखाना १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ले-भाजे लेण्यांच्या परिसरात हलला. कर्ज वाढत गेलं, आणि काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायखर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. छपाई मात्र थांबली नाही. तीच लक्ष्मी, तीच सरस्वती पुढे कित्येक वर्षं छापली जात राहिली. १९७२ च्या आगीत छापखाना जळाला, तोवर ही चित्रं देशभरातल्या देवघरांत जाऊन बसली होती.

तेव्हा मुळात हा माल ढिगाने छापलेला आहे. कमी आहे ती धड राहिलेली प्रत, आणि त्याहून कमी, ती प्रत आज कोणाच्या घरात आहे याची खबर. शेठ जी किंमत सांगतात, तिच्यातला मोठा हिस्सा या खबरेचा असतो. फोन न उचलणं हा त्याच धंद्याचा भाग आहे. सहज भेटणाऱ्याची खबर स्वस्त होते.

[दृश्य: चेट्टिनाडमधलं एक मोठं घर. सागवानी खांब, ओसरीवर ओळीने लावलेल्या चौकटी.]

माल येतो कुठून? एक मोठा झरा तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचा. ब्रह्मदेशातल्या सावकारीवर आणि व्यापारावर उभी राहिलेली तिथली प्रचंड घरं, त्यांत ब्रह्मी सागवान आणि भिंतीभर रविवर्मा. काही चित्रांतल्या देवींना तर कापडाची खरी साडी, जरी आणि टिकल्या चिकटवलेल्या. भावाभावांत वाटण्या झाल्या, घरं रिकामी झाली, आणि सामान कराईकुडीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आलं. आपल्याकडे हेच वाड्यांचं झालं. वाडा बिल्डरकडे गेला की माजघरातल्या तसबिरी आधी भंगारवाल्याकडे, मग पुण्याच्या जुन्या बाजारात, आणि नशीब असेल तर एखाद्या जाणकाराच्या हाती.

ज्याच्याकडे अशा घरांच्या चाव्या आहेत, तो उघड्यावर बसत नाही. कोणत्या घरातून काय निघालं हे कळलं, तर दुसरा व्यापारी उद्या तिथे पोचेल. शिवाय हौशी लोकांनी त्याला पिडलेलंही असतं. फोटो मागायचा, तोच फोटो आणखी चौघांना पाठवून भाव काढायचा आणि गायब व्हायचं. त्याच्या भाषेत हे सगळे ‘टाइमपास पार्टी’. त्याचं मौन उद्धटपणाचं वाटतं खरं, पण मला विचाराल तर निम्म्याहून जास्त दोष आपल्यासारख्यांचाच आहे.

[दृश्य: फ्रेमवाल्याचं दुकान. करवत, काचेचे तुकडे, भिंतीला टेकवलेल्या पट्ट्या.]

मग त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? ‘तुमच्याकडे रविवर्मा आहे का?’ असा निरोप कधीच पाठवू नये, त्याला उत्तर येत नाही. ‘झोपाळ्यावरची मोहिनी हवी आहे, समास शाबूत, खाली कार्ले-लोणावळ्याचा छाप. रोगण पिवळं पडलं असेल तरी चालेल,’ असं लिहिलं की समोरच्याला कळतं, या माणसाला काय हवंय ते ठाऊक आहे आणि कशावर अडून बसायचं नाही हेही ठाऊक आहे. अशा निरोपाला उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. लगेच नाही, आठवड्यांनीही येईल.

दुसरी वाट फ्रेमवाल्याकडून जाते. जुन्या चित्रांची काच बदलणारे, कुजलेली पाठ काढून नवी बसवणारे कारागीर शहरात मोजकेच असतात. कोणाकडे काय आलंय हे त्यांच्या टेबलावरून जातं. आपली एखादी तसबीर त्यांच्याकडे नीट करायला द्यावी, घाई करू नये, पैसे वेळेवर द्यावेत. ‘अमक्याने पाठवलंय’ हे दोन शब्द मटन स्ट्रीटवर अजूनही चालतात. एक व्यावहारिक गोष्ट म्हणजे शुक्रवार टाळा. त्या दिवशी तिथे जुम्मा बाजार भरतो, पहाटेपासून रस्ता माणसांनी आणि भंगाराने भरलेला. जुनी पोस्टकार्डं, काडेपेट्यांची लेबलं वेचायला दिवस झकास, पण शेठशी निवांत बोलायला अगदी चुकीचा.

पहिल्या भेटीत छोटं काहीतरी घेऊन रोख पैसे देऊन निघावं. बोहनीच्या वेळी गेलं की भाव उतरतो म्हणतात. पोस्टकार्डाच्या बाबतीत उतरतोही. मोठ्या चित्रासाठी ही युक्ती वापरणाऱ्याला शेठ मनातल्या मनात हसत असतात.

[दृश्य: चित्र पालथं. गंजलेले खिळे, पाठीला चिकटलेलं जुनं वर्तमानपत्र. मग भिंग.]

चित्र समोर आलं की आकडा विचारायचा नाही. आधी ते दुकानाच्या दारात, उजेडात आणायचं. भिंगातून पाहिलं तर शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, दाटविरळ, हाताने टाकल्यासारखे दिसतात. कवायतीसारख्या रांगेत उभे दिसले, तर ती अलीकडची ऑफसेट यंत्रावरची छपाई आहे, वर चहाचं पाणी मारून जुनं केलेलं. जुन्या चौकटीत नवं चित्र हा तर नेहमीचा खेळ. पाठीवरच्या जुन्या वर्तमानपत्राने भुलू नये, तेही रद्दीत मिळतं. खिळे पुन्हा ठोकल्याच्या खुणा मात्र बघाव्यात.

मग खालचा समास. छापखान्याचं नाव आणि गाव तिथे असतं. मुंबई आहे, कार्ले-लोणावळा आहे की मळवली, यावरून प्रत आधीची की नंतरची याचा अंदाज बांधता येतो. शेठ ‘अठराशे चौऱ्याण्णवचा माल’ म्हणत असतील आणि समास मळवली सांगत असेल, तर भांडायचं नाही. तिथे नुसतं बोट ठेवायचं. कित्येक प्रतींचा समास चौकटीत बसवण्यासाठी कधीच कापून टाकलेला असतो. कापलेला समास परत येत नाही, आणि शेठनाही ते पक्कं माहीत असतं.

[दृश्य: दोन चहाचे ग्लास. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.]

आता सौदा. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तसा इथेही खरा आकडा सहसा उघड्यावर येत नाही. समजा शेठ म्हणाले, ‘चालीस.’ म्हणजे चाळीस हजार. आपली जुनी खोड निम्म्यावर यायची, ‘वीसला द्या.’ अशाने शेठ चित्र भिंतीकडे वळवून ठेवतात आणि चहासुद्धा येत नाही. मालाला नावं ठेवणं तर त्याहून वाईट. खोड काढायची असेल तर प्रश्नातून काढावी. समास कधी कापला असेल? हे तांबूस डाग कागदात आहेत की रोगणावर? कोपऱ्यात कसर लागलीय का? उत्तरं देता देता शेठ स्वतःच आकड्यापासून दोन पावलं मागे येतात.

एक प्रश्न मात्र सरळ विचारावा: माल तुमचा की जांगड? कित्येकदा चित्र दुसऱ्याच कोणाचं असतं, विकलं तर पैसे, नाही तर परत. तसं असेल तर ‘फोन करके बताता हूँ’ हा बहाणा नसतो. त्यांच्या हातात भाव उतरवायचा अधिकारच नसतो, आणि मध्ये जितकी माणसं तितके थर चढलेले असतात. माल त्यांचा स्वतःचा असेल, तर तो बहुधा घरातल्या सगळ्या सामानासकट एकगठ्ठा घेतलेला असतो. मग लक्ष्मीवर न सुटणारे पाच हजार, लक्ष्मीबरोबर एखादं न खपणारं चित्र उचललं की सुटतात.

‘दिल्लीकी पार्टी कल आ रही है.’ हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं. लक्ष्मी-सरस्वतीसाठी ऐकलं तर दिल्लीकरांना शुभेच्छा देऊन उठावं, अशी प्रत पुन्हा भेटेल. एखादं क्वचित दिसणारं पौराणिक चित्र असेल, समास पूर्ण असेल, रंग ताजे असतील, तर मात्र पाच-सात हजारांसाठी ताणू नये. मोठा संग्रह असलेले लोक हुकलेल्या चित्रांबद्दलच जास्त बोलतात.

[दृश्य: बिलबुक, कार्बन पेपर.]

परदेशातल्या मुलाला किंवा भावाला भेट म्हणून घेणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, लागू झाला ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. रविवर्मांच्या मूळ चित्रांना तर १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा आहे. ‘कुठेही कुरिअर करतो, काळजी नको’ म्हणणाऱ्या शेठची काळजी करावी.

आणि पैसे देण्याआधी बिल मागावं. चित्राचं नाव, माप, समासातली ओळ जशीच्या तशी, आणि छपाईचा काळ. जे शेठ तासभर तोंडाने अठराशे चौऱ्याण्णव म्हणत होते, त्यांना तेवढंच कागदावर लिहायला सांगा. पेन थबकतं. आणखी एक चहा येतो, आणि चाळीसचे बत्तीस बहुधा त्या चहावर होतात.