झोपलेल्या नाकाला वास येत नाही

(इंदूरमधील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माझ्या घरातला पहिला स्मोक अलार्म चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी सुक्या मिरचीची फोडणी पडली, अलार्मनं घर डोक्यावर घेतलं आणि आमच्या हिनं स्टुलावर चढून त्याचे सेल काढले. ते अजून भिंतीवरच्या घड्याळात आहेत. हसा, पण चूक तिची नव्हती. जन्मभर इलेक्ट्रिकलची नोकरी करून मी तो स्वयंपाकघरात लावला होता!

तिथे लावायचा तो हीट अलार्म, तो धुरावर नाही, उष्णतेवर वाजतो. धुराचा अलार्म शेगडीपासून निदान तीन मीटर लांब, झोपायच्या खोल्यांसमोर, छताला लावा. धूर आधी वर जातो म्हणून छताला. पंख्याच्या पात्यांजवळ नको, वाऱ्यानं धूर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. देवघरासमोर तर नकोच. रोजच्या धूप-उदबत्तीनं तोही फोडणीच्या वाटेनं जाईल. घेताना फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे उजेडाच्या झोतानं धूर ओळखणारा, घ्या. गादी किंवा वायर आतल्या आत धुमसत असते, तो धूर त्याला लवकर कळतो.

‘जळकट वास आला की जाग येतेच की,’ असं पुष्कळ जण म्हणतात. नाही येत. झोपेत नाक जवळजवळ बंद असतं, कान मात्र जागे असतात. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासच नाही आणि गुंगी तो आणखी वाढवतो. 7 मे 2022 ची, इथल्या इंदूरच्या स्वर्णबाग कॉलनीतली आग आपण कोणी विसरलेलो नाही. आग खाली गाड्यांना लागली, वेळ रात्रीची, आणि वर किरायानं राहणारी माणसं झोपलेली. सात जण गेले. आपल्याकडे निम्म्या घरांची रचना हीच: खाली गाड्या, तिथेच मीटर, आता स्कूटरचं चार्जिंगही तिथेच, आणि वर जायला एकुलता एक जिना. जिना कसला, धुरांडंच ते. म्हणून माझ्या मते सगळ्यात आधी अलार्म लागावा तो जिन्याच्या माथ्यावर.

पण लावायचा कोणी? आपली राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 ची, उंच इमारतींकडे जास्त बघते. आपल्या दुमजली घराच्या दारात येऊन कोणी विचारत नाही. मग घरमालक म्हणतो किरायेदारानं लावावा, किरायेदार म्हणतो अकरा महिन्यांसाठी मी कशाला खर्च करू?

इंग्लंडनं हे भांडण 1 ऑक्टोबर 2015 पासून मिटवलं. किरायाच्या घरात माणसं राहतात त्या प्रत्येक मजल्यावर निदान एक अलार्म, आणि तो घरमालकानंच लावायचा. नवा किरायेदार येईल त्या दिवशी तो वाजतो का हेही त्यानंच तपासायचं. पुढे अधूनमधून बटण दाबून बघायचं काम किरायेदाराचं. 2022 च्या ऑक्टोबरपासून भर अशी की, बिघडल्याचं कळवलं की दुरुस्ती किंवा बदली मालकाकडे. नाही केली तर दंड पाच हजार पाउंडांपर्यंत. स्कॉटलंड तर आणखी पुढे गेलं: फेब्रुवारी 2022 पासून स्वतःच्या घरात राहणाऱ्यालाही सूट नाही, आणि घरातले अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत. खाली एक वाजला की वरचाही वाजतो. आपल्या जिन्याला नेमकं हेच हवंय, नाही का?

आमचा वरचा मजला दिवाळीनंतर पुन्हा किरायानं द्यायचा आहे. करारनाम्यात यंदा एक कलम वाढवलं: जिन्यातला आणि वरचा, दोन्ही अलार्म माझे, दहा वर्षांनी बदलायचे तेही मीच, महिन्यातून एकदा बटण किरायेदारानं दाबायचं आणि सेल काढायचे नाहीत. वकीलसाहेब म्हणाले, ‘काका, सेलचं कशाला लिहिता?’ मी त्यांना घरी बोलावून घड्याळ दाखवलं.