शेजारी बसलात, पण लॅनवर आहात का?

राम राम राजेहो! मे महिना, नागपूरचं ऊन, कॉलेजला सुट्ट्या. पोट्टे जातील कुठं? जिथं एसी चालू आहे तिथं. धरमपेठ असो की मानेवाडा, गेमिंग कॅफेत शिरलात की मागच्या रांगेतून ओरड ऐकू येणारच, "बे, बी ला काऊन नाही आला!" (बी म्हणजे गेमच्या मॅपवरची एक जागा.)

आता सांगा. दहा जणांनी एकाच खोलीत बसून व्हॅलोरंट या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमची कस्टम, म्हणजे आपापसातली, मॅच लावली. तुम्ही झाडलेली गोळी शेजारच्या पीसीवर कशी पोहोचते? दोन फुटांवर तर बसलाय तो! तरी ती आधी मुंबईला जाते. व्हॅलोरंटमध्ये आपला लॅन सर्व्हर, म्हणजे खोलीतले पीसी आपसात जोडून त्यातल्याच एकावर चालणारा सर्व्हर, लावताच येत नाही. सगळा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर होतो, आणि आपल्याला जवळचा सर्व्हर मुंबईचा.

[स्क्रीनवर: नागपूर-मुंबई नकाशा]

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. केबल त्याच वाटेनं गेली असं धरलं तर जाऊन-येऊन १४०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे ७ मिलिसेकंद नुसत्या अंतरातच गेले. वाटेतले राउटर धरले की आकडा आणखी वर. हा जाण्या-येण्याचा वेळ म्हणजेच तुमचा पिंग. त्यात कोपऱ्यातल्या पीसीवर कुणी भलंमोठं अपडेट लावलं असेल, तर दहाही जण एकदम अडकतात आणि शिव्या काउंटरवरच्या भाऊला पडतात.

काउंटर-स्ट्राइक १.६ चं तसं नाही. २००३ चा गेम, जुन्या पीसीवरही पळतो. एकानं नवीन गेम लावायचा, बाकीच्यांनी लॅनच्या यादीतून आत शिरायचं. इंटरनेट गेलं तरी फरक पडत नाही. टॅब दाबून बघा, लेटन्सीच्या, म्हणजे पिंगच्याच, रकान्यात बहुतेक वेळा एकआकडी संख्या दिसेल. त्यामुळे "लॅग होता बे", म्हणजे गेम अडकत होता, ही सबब इथं कुणी ऐकून घेत नाही. डस्ट २ या मॅपवर लाँग नावाच्या वाटेला मेलात, तर समोरच्यानं तुम्हाला आधी पाहिलं, बस.

आणि खरी मजा आहे पैशांत. गेममधल्या पैशांत, खिशातल्या नव्हे! सुरुवातीला हातात ८०० डॉलर, एके-४७ ला लागतात २५००. मग तीन राउंड हरून कंगाल झालेला दोस्त खुर्चीतून अर्धा उठून ओरडतो, "एके टाक ना बे!" ज्याच्याकडे पैसे आहेत तो एके घेतो, कीबोर्डवरचं G बटण दाबतो, बंदूक जमिनीवर पडते आणि दुसराच कुणीतरी ती उचलून पळतो. भांडण सुरू! हेडफोन लावून घरी एकट्यानं खेळताना हे घडतं, पण एवढं गोड लागत नाही, असं माझं मत.

एक नियम मात्र आधीच ठरवा: मेला तो गप. मेलेला माणूस दुसऱ्यांच्या नजरेनं मॅप बघत असतो. तो "टनेलमध्ये एक आहे" असं ओरडला की खेळ संपलाच.

तासाचे पैसे भरून व्हॅलोरंट खेळत असाल तर घड्याळ बघा. शेवटची वीस मिनिटं उरली असताना कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे रँकची मॅच, लावू नका. मॅच सहज अर्धा तास ओलांडते आणि मध्येच उठलात तर दंड तुमच्या अकाउंटला. तेवढ्या वेळात १.६ चे दोन-चार राउंड मारा. आणि उठताना अकाउंट लॉगआउट करा, नाहीतर पुढचा गिऱ्हाईक तुमच्याच नावानं हरत बसेल.