आई, आपला पण एक पायरेट आहे

मंडळी, कमिटीने मला वर्गणीचं बोलायला माइक दिलाय, पण गुरुवारपासून डोक्यात दुसरंच चाललंय.

गुरुवारी माझी नऊ वर्षांची लेक शाळेतल्या पायरेट डेसाठी डोळ्यावर काळी पट्टी बांधून आरशासमोर उभी होती, सहज म्हणाली, आई, लायब्ररीच्या पुस्तकात आपला पण एक पायरेट आहे, अँग्रिया. तिचा बाबा हातातला चहा ठेवून उठला, पायरेट नाही, सरखेल कान्होजी आंग्रे म्हणायचं! आवाज चढला, पोर रडवेली झाली.

मी अलिबागची. ओहोटी लागली की चपला हातात घेऊन समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं, भरतीच्या आत परतायचं. मलाही लागलंच. रात्री तिला सांगितलं, कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कोकण किनाऱ्यावरून जायचं तर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा, पैसे भरायचे, नाहीतर त्यांची लढाऊ जहाजं, गुराबा आणि गलबतं, पाठीवर आलीच. पोर्तुगीज आधीपासून हेच करायचे, त्यांच्या कागदाला कार्ताझ म्हणायचे. इंग्रज म्हणाले आम्ही नाही घेणार. मग 1712 ला मुंबईच्या गव्हर्नरचंच जहाज धरलं कान्होजींनी! 1721 ला इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, हात हलवत परत गेले. आणि इथला, इंग्लंडचा फ्रान्सिस ड्रेक? स्पॅनिश जहाजं लुटली त्याने, 1581 ला राणीने त्याला सर केलं. राणीच्या बाजूने लुटलं की झालं.

तर ती म्हणते, पण कॅप्टन किडकडे पण राजाचा कागद होता ना? होता. चाचे पकडायला पाठवलेला माणूस, 1698 ला मलबार किनाऱ्याजवळ व्यापारी जहाज धरलं आणि 1701 ला इथे वॅपिंगला, टेम्सच्या काठावर फासावर गेला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण शिवजयंतीला कान्होजींचं पोस्टर लावतो, पोरांकडून चार वाक्यं पाठ करून घेतो, टाळ्या वाजवतो. त्यांच्या मुलाचं, तुलाजी आंग्रेंचं कोण सांगतं? 1756 ला विजयदुर्गाशी ते आरमार जळालं, इंग्रजांच्या तोफांनी, आणि इंग्रजांशी हात मिळवला होता आपल्याच नानासाहेब पेशव्यांनी. हे पण सांगायला हवं ना हो मुलांना?

मी सांगितलं. तिने विचारलं, मग पेशव्यांना पण तुलाजी पायरेट वाटायचे का?

मी लाईट बंद केला, झोप म्हटलं. तेव्हापासून तिने घरात ते नावच घेतलेलं नाही, आंग्रे पण नाही आणि अँग्रिया पण नाही. काळी पट्टी अजून दप्तरातच आहे.