जनगणनेचा फोन आणि जनगणनेचा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

दुपारची जेवणं उरकून जरा आडवं व्हावं, तर फोन वाजतो. “जनगणना ऑफिसमधून बोलतोय. मावशी, तुमच्या घराची नोंद राहिलीये. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर रेशन बंद होईल. आता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा, बाकीचं मी इथून भरतो.” आवाज अदबशीर, मागे ऑफिसात असते तशी गडबड. मावशी चष्मा शोधायला लागतात. फोन ठेवायचा तो इथेच, चष्मा सापडायच्या आत.

गोम अशी आहे की जनगणना खरीच आहे. २०११ नंतरची २०२१ला व्हायची होती, ती कोविडमुळे पुढे गेली. आता ती दोन टप्प्यांत ठरली आहे. घरांची यादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६मध्ये, प्रत्येक राज्याच्या ठरलेल्या तीस दिवसांत. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७मध्ये. बर्फाळ भाग सोडला तर देशभरासाठी संदर्भ धरायचा तो १ मार्च २०२७च्या शून्य प्रहराचा, म्हणजे ती तारीख सुरू होते त्या रात्री बाराच्या ठोक्याचा. यावेळी प्रगणक, म्हणजे घरोघरी येऊन नोंद घेणारी माणसं, मोबाइलवर माहिती भरणार, जातीची नोंदही होणार. पेपरात रोज काही ना काही येतंय. भामट्याला थाप सुरू करायला आणखी काय लागतं?

‘भलतंच काही विचारलं की सावध व्हा’ असं सगळे सांगतात. मला हा सल्ला फारसा कामाचा वाटत नाही. कारण खरी जनगणनाही भलतंच विचारते. भिंत कशाची, छप्पर कशाचं, संडास कुठे, स्वयंपाक कशावर, खाण्यात मुख्य धान्य कोणतं, सायकल आहे का, मोटार आहे का. घरयादीत तुमचा मोबाइल नंबरही विचारतात. म्हणजे नंबर मागितला म्हणून दारातल्या बाईंना चोर ठरवू नका. बहुतेकदा त्या जवळच्याच शाळेतल्या शिक्षिका असतात, आणि उन्हातून तिसऱ्या मजल्यावर चढून आलेल्या असतात.

फरक दुसरीकडे आहे. प्रगणकाला तुमच्या तोंडचं उत्तर हवं असतं, कागद नको असतो. आधार क्रमांक, पॅन, बँकेचं खातं, एटीएमचा पिन यातलं काहीही जनगणनेत नाही. जातही तुम्ही सांगाल तशी लिहायची, त्याला दाखला लागत नाही. तेव्हा ‘जनगणनेसाठी जातीचा दाखला काढून देतो, इतके पैसे द्या’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका. नोंदणीची फी नाही, राहून गेल्याचा दंड ऑनलाइन भरायचा, असलाही प्रकार नाही.

ओटीपीचं जरा नीट ऐका. यावेळी आपली माहिती आपणच सरकारी पोर्टलवर भरायची सोय आहे, तिला स्व-गणना म्हणतात. तिथे तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो. पण तो तुम्ही मागवलेला असतो आणि तुम्हीच टाकायचा असतो. माहिती भरून झाली की एक ओळख क्रमांक मिळतो. प्रगणक आले की त्यांना तो क्रमांक दाखवायचा. ओटीपी कुणालाही वाचून दाखवायचा नाही, समोरचा कितीही साहेबी आवाजात बोलो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जनगणनेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, आली तर ती उघडू नका. अ‍ॅप प्रगणकांच्या फोनमध्ये असतं, आपल्याला लागत नाही.

आता अफवा. फ्रिज सांगितला की रेशन कार्ड गेलं, गाडी सांगितली की कर बसला. १९४८चा जनगणना कायदा काय म्हणतो? तुमच्या नोंदीचा कागद बघायचा हक्क कुणालाही नाही. त्या कायद्याखालचा खटला सोडला, तर कोर्टात ती नोंद पुरावा म्हणून चालत नाही. आणि प्रगणकाने ती बाहेर फोडली तर शिक्षा त्यालाच. उलट बाजूची अफवाही तितकीच खोटी आहे, की ‘सक्ती नाही, दार लावून घ्या’. उत्तर देणं बंधनकारक आहे, टाळलं तर हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड फोनवरचा माणूस क्यूआर कोड पाठवून वसूल करत नसतो.

याच कायद्यात एक गमतीची सूट आहे. नवऱ्याचं नाव सांगायची बाईवर सक्ती नाही. उखाण्यातही घ्यायचं नसेल तर नका घेऊ!

दारात कुणी आलं तर आधी फोटोचं ओळखपत्र बघा. शंका वाटली तर ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा, तोवर त्यांना बाहेर थांबू द्या. खरा प्रगणक रागावणार नाही. आणि ओटीपी तोंडून निघून गेलाच असेल, तर घरच्यांपासून लपवत बसू नका. लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा, मग बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार गेली, तर अडवता येण्याची शक्यता जास्त.

हां, घरयादीत आणखी एक प्रश्न असतो, घरात रेडिओ किंवा ट्रान्झिस्टर आहे का? त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला सांगायला नको. नमस्कार.