पुढचा खंड का अडतो?

मंडळी, एखाद्या फँटसी मालिकेचा पुढचा खंड वर्षानुवर्षं येत नाही, तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं आणि वाट बघणाऱ्याने कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवावा, एवढ्यापुरतंच आज बोलायचं आहे. उदाहरण अर्थातच जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चं. तिच्या सहाव्या खंडाची, ‘द विंड्स ऑफ विंटर’ची, वाट वाचक २०११ पासून बघताहेत. ज्यांनी पाचवा खंड वाचलेला नाही त्यांनी मधली पाच मिनिटं कान झाकून घ्यावेत.

आधी तारखा. पहिला खंड १९९६ साली आला, दुसरा १९९८, तिसरा २०००, चौथा २००५, पाचवा २०११. नेहमीचा आरोप असा की टीव्हीने लेखकाला पळवलं. पण तिच्यावरची टीव्ही मालिका, ‘गेम ऑफ थ्रोन्स’, सुरू झाली एप्रिल २०११ मध्ये, आणि गाडी पहिल्यांदा अडली ती २००० नंतर. टीव्हीने पुढे वेळ खाल्ला नाही असं मी म्हणत नाही. मूळ दुखणं मात्र कथेच्या पोटात आहे.

ते एका हिशेबातून दिसतं. या मालिकेत प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून येतं. चाहते त्याला ‘पीओव्ही’ म्हणतात. सुरुवातीचं आणि शेवटचं सुटं प्रकरण वगळलं, तर पहिल्या खंडात अशी ८ पात्रं आहेत, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात १०, चौथ्यात १२ आणि पाचव्यात १६. पहिल्या खंडात ७२ प्रकरणं ८ जणांत वाटली जातात, म्हणजे सरासरी प्रत्येकी ९. पाचव्यात ७१ प्रकरणं १६ जणांत, म्हणजे जेमतेम साडेचार. पुस्तक जाडजूड, पण प्रत्येकाचा धागा पूर्वीच्या निम्म्यानेच पुढे सरकतो. आणि एकदा डोळे दिलेलं पात्र लेखकाला सहज सोडता येत नाही; त्याला मारा, नाहीतर कुठेतरी पोचवा.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली. तिसऱ्या खंडानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायची, म्हणजे मुलं मोठी होतील आणि ड्रॅगनही, असं मार्टिन यांनी ठरवलं होतं. आर्या आणि ब्रॅन या मुलांना ते सोयीचं होतं, कारण दोघंही शिकत होती. पण सर्सी राणीने राजधानीत पाच वर्षं काय केलं? जॉन उत्तर सीमेवरच्या भिंतीवर पहारा देत नुसता बसून राहिला? मधल्या घटना आठवणींतून सांगाव्या लागू लागल्या, आठवणींचा ढीग झाला, आणि तो सगळा बेत मोडीत निघाला. त्यात लिहून झालेली पानंही गेली. शिवाय जी वर्षं गाळायची होती, तीच आता लिहून काढणं आलं. त्यातून चौथा खंड इतका फुगला की तो दोन भागांत करावा लागला, आणि तोही काळाप्रमाणे नाही, पात्रांप्रमाणे. म्हणून चौथ्यात जॉन, टिरियन आणि डेनेरिस या मुख्य पात्रांची एकही नजर नाही. उरलेला भाग पुढच्या वर्षी येईल अशी आशा त्या खंडाच्या शेवटी छापलेली आहे. तो आला सहा वर्षांनी.

सहा वर्षं का लागली, याचं उत्तर मिरीन शहरात आहे. चाहत्यांमध्ये ‘मिरीनची गाठ’ प्रसिद्ध आहे, आणि हे नाव खुद्द मार्टिन यांचंच. क्वेंटिन, टिरियन, व्हिक्टॅरियन हे सगळे वेगवेगळ्या दिशांनी मिरीनवर राज्य करणाऱ्या डेनेरिसकडे निघालेले. कोण आधी पोचतो यावर पुढचं सगळं फिरतं. तिला मागणी घालायला निघालेला राजपुत्र क्वेंटिन तिच्या लग्नाच्या बराच आधी आला तर तिच्यापुढे खरा पर्याय उभा राहतो. बराच नंतर आला तर त्याचा सगळा प्रवासच फुकट. ऐन वेळी आला तर वेगळीच चुरस. मार्टिन यांनी या शक्यता लिहून पाहिल्या. म्हणजे एका आगमनाची जागा बदलली की आजूबाजूच्या चार पात्रांची प्रकरणं पुन्हा लिहायची. दुसरी अडचण अशी की डेनेरिस शहराबाहेर गेली की आत काय चाललंय हे सांगायला कुणाचेच डोळे उरत नाहीत. त्यासाठी तिचा अंगरक्षक बॅरिस्टन याला पीओव्ही करावं लागलं. गाठ सुटली, पण ओझं एका पात्राने वाढलं! माझ्या मते या मालिकेचं सगळं दुखणं त्या एका तोडग्यात दिसतं.

आता पानांच्या आकड्यांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मार्टिन यांनी सांगितलं की ११०० ते १२०० पानं झाली आहेत, ४०० ते ५०० बाकी आहेत. लोकांनी लगेच त्रैराशिक मांडलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आकडा पुन्हा ११०० च्या आसपासच होता. यात खोटेपणा नाही. पुनर्लेखनात पानं जातात, नवी येतात, बेरीज तिथेच राहते. शिवाय ही हस्तलिखिताची पानं आहेत, छापील नव्हेत. पाचव्या खंडाचं हस्तलिखित सुमारे १५०० पानांचं होतं आणि छापील पुस्तक हजारांहून थोडं जास्त. म्हणून ‘किती पानं झाली’ विचारण्यापेक्षा ‘कुठलं पात्र कुठे पोचलं’ हे विचारणं जास्त उपयोगाचं.

हस्तलिखित हातात आल्यावर प्रकाशकाला किती वेळ लागतो, याचा मात्र पक्का अंदाज आहे. पाचव्या खंडाची १२ जुलै ही तारीख मार्च २०११ मध्येच जाहीर झाली. पुस्तक पूर्ण झाल्याचं एप्रिलअखेरीस कळलं. म्हणजे जेमतेम अकरा आठवडे. २ जानेवारी २०१६ ला मार्टिन यांनी सहावा खंड अपूर्ण असल्याचं कळवलं, तेव्हाही हेच गणित पुढे आलं: टीव्हीच्या सहाव्या पर्वाआधी पुस्तक आणायचं तर आधी ऑक्टोबरअखेर आणि मग फार तर वर्षअखेर ही मुदत होती, आणि दोन्ही हुकल्या. थोडक्यात, तीन महिने हा ताणून काढलेला किमान काळ. कुणी ‘पुढच्या महिन्यात येतंय’ म्हणालं आणि प्रकाशकाने तोंड उघडलेलं नसेल, तर ती अफवा समजा. ऑनलाइन दुकानांतली ३१ डिसेंबर ही तारीख तर निव्वळ रकाना भरण्यासाठी असते.

नमुना प्रकरणांबद्दलही, म्हणजे पुस्तकाआधीच वाचकांना दिलेल्या सुट्या प्रकरणांबद्दलही, सावध राहा. सहाव्या खंडातली थिऑन, आरियान, ‘मर्सी’, अलेन अशी प्रकरणं २०११ ते २०१६ च्या दरम्यान बाहेर आली. ती वाचून पुस्तक वेगाने पुढे जातंय असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं काही जुनंच आहे. ‘मर्सी’चा पहिला खर्डा कित्येक वर्षं आधीचा. बर्फातली लढाई आणि मिरीनची लढाई मुळात पाचव्या खंडात यायच्या होत्या, त्या पुढे ढकलल्या गेल्या. तेव्हा नमुना म्हणजे नवी प्रगती नव्हे.

मधल्या काळात पुन्हा वाचायचं असेल तर चौथा आणि पाचवा खंड एकत्र गुंफून वाचा. सुरुवातीची आणि शेवटची सुटी प्रकरणं धरून ४६ आणि ७३, अशी ११९ प्रकरणं होतात. पाचव्याचा साधारण पहिला दोन तृतीयांश भाग चौथ्याला समांतर चालतो, त्यानंतर काळ पुढे सरकतो. चौथ्यातलं सॅमवेलचं पहिलं प्रकरण आणि पाचव्यातलं जॉनचं दुसरं यांत एकच संभाषण दोन बाजूंनी येतं. ती लागोपाठ वाचली की दोघांची मनं लख्ख दिसतात. पण पहिल्या वाचनाला हा क्रम नको. चौथ्यात कानावर आलेली एक बातमी खोटी असल्याचं पाचव्यात कळतं, आणि गुंफून वाचलं की त्यातली गंमत जाते.

‘मालिका पूर्ण झाल्याशिवाय हातच लावणार नाही’ म्हणणारे वाढले आहेत. फँटसी लेखक पॅट्रिक रॉथफस यांच्या मालिकेचे दोन खंड २००७ आणि २०११ मध्ये आले, तिसरा अजून नाही. अशा अनुभवानंतर हा निश्चय समजण्यासारखा आहे. नामवंतांना त्याने फरक पडत नाही. नव्या लेखकाला मात्र पडतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या खंडाची छपाई पहिल्याच्या विक्रीवर ठरते. पहिला खंड पडून राहिला तर शेवट येतच नाही.

उशीर झालेल्या मालिका पूर्ण होतच नाहीत असं नाही. स्टीफन किंग यांच्या ‘द डार्क टॉवर’चा तिसरा खंड १९९१ मध्ये, धावत्या ट्रेनमध्ये कोडी घालण्याच्या ऐन क्षणी संपला. पुढचा आला १९९७ मध्ये. मग शेवटचे तीन खंड नोव्हेंबर २००३ ते सप्टेंबर २००४ इतक्या कमी वेळात आले.

दुसऱ्याने पूर्ण करण्याचं मोठं उदाहरण रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चं. १६ सप्टेंबर २००७ ला त्यांचं निधन झालं तेव्हा मुख्य कथेचे अकरा खंड झाले होते. पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली. जॉर्डन यांची टिपणं आणि ध्वनिमुद्रणं हाताशी होती, शेवटचं दृश्य त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं, आणि एकच खंड बाकी असल्याचं ठरलेलं होतं. त्याचे तीन झाले: २००९, २०१० आणि २०१३. आपली मालिका दुसऱ्याने पूर्ण करू नये, असं मार्टिन यांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यांच्या आराखड्यात सहाव्यानंतर सातवा, ‘अ ड्रीम ऑफ स्प्रिंग’, आहेच. मूळ आराखडा तीन खंडांचा होता.